आजारी मांजरांचा पथ्याहार आणि आपला जीवदयाधर्म

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आमच्या जीवदया केंद्राच्या पशुवैद्यकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी जीवदयेवर बोलावे, अशी आज्ञा मला झाली. पन्नास वर्षांचा गौरव करणारे वक्ते या व्यासपीठावर होऊन गेले, पुढेही होतील. म्हणून गौरवाचा भाग त्यांच्याकडे सोपवून मी आज एक अडचणीचा विषय घेतो. कार्यकारिणीच्या सभेत तो दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा 'पुढील सभेत विचार करू' असे म्हणून बाजूला ठेवला गेला. तो विषय म्हणजे आपल्या केंद्रातील आजारी मांजरांना खायला काय द्यावे.

आपले केंद्र सुरू झाले ते गायी, म्हशी, शेळ्या आणि कबुतरे यांच्यासाठी. त्यांच्या बाबतीत धर्म आणि आहार यांत कधी विरोध आला नाही. कडबा, पेंड, हिरवा चारा, ज्वारीचे दाणे यांसाठी दान देणाऱ्याच्या मनात शंकेला जागाच नसते. पुढे लोक रस्त्यावर गाडीखाली सापडलेली, पुराच्या पाण्यातून काढलेली, म्हातारपणी घराबाहेर काढलेली मांजरेही आणून सोडू लागले. दारात आलेला जीव परत पाठवायचा नाही, ही आपली परंपरा. त्यामुळे मांजरे राहिली. त्यांना काय खायला घालायचे याचा ठराव मात्र कधी झाला नाही. सेवेकऱ्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे दूधभात, दूधपोळी घातली, आणि तीच पद्धत पडून गेली.

पांजरपोळीत मांसाहारी प्राणी ठेवण्याचा प्रश्न आजचा नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी बांधवांनी प्रथम विरोध केला, दंगल झाली, आणि जैन व हिंदू व्यापारीही त्यात उतरले. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ संस्था उभी राहिली. म्हणजे तिच्या जन्मामागे गाय नव्हती, कुत्रा होता. कुत्र्याचा देह मात्र एका बाबतीत मांजरापेक्षा लवचिक आहे. माणसाच्या उष्ट्यामाष्ट्यावर, भाकरीवर तो हजारो वर्षे जगत आला. मांजराचे तसे नाही.

येथे थोडे शरीरशास्त्र सांगणे भाग आहे. मांजर मांसाहार करते तो आवडीने किंवा सवयीने नव्हे. त्याच्या यकृताची रचनाच तशी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य सर्व सस्तन प्राण्यांना लागते. माणूस, गाय, बहुतेक कुत्री ते आपल्या शरीरात तयार करतात. मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही आणि शिवाय पित्तामधून ते सतत खर्च होत राहते. धान्य, डाळी, भाज्या यांत ते जवळपास नसतेच. दुधात असते ते अगदी अल्प. टॉरिन कमी पडले की मांजराच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू झिजतो, हे १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. १९८७ साली कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. हृदयाचे स्नायू सैल पडून मांजरे दगावत होती, त्या रोगाचे मोठे कारणही टॉरिनची उणीव हेच होते. आणि वेळीच टॉरिन दिल्यास ते हृदय पुष्कळदा सुधारत होते. डोळ्याचे मात्र तसे होत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही.

टॉरिन हे एकच उदाहरण झाले. गाजरातील, पालकातील पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनविते. मांजराला ते जमत नाही, त्याला तयार अ जीवनसत्त्वच लागते. आर्जिनिन नावाचे प्रथिनाचे घटक एका जेवणात जरी अजिबात नसले तरी काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया साठून त्याला विषबाधेसारखी लक्षणे होतात, असे १९७८ सालच्या प्रयोगांत दिसले. इतके नाजूक परावलंबन दुसऱ्या कोणत्या पाळीव प्राण्यात मला माहीत नाही. निसर्गाने, किंवा आपल्या परिभाषेत बोलायचे तर नामकर्माने, त्याला हा देह दिला आहे. त्या देहाची गरज आपल्या स्वयंपाकघराच्या नियमांनी बदलत नाही.

आता दूधभाताविषयी. मांजर दूध आवडीने पिते, हे खरे. परंतु वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही आणि हगवण लागते. भाताने पोट भरते, पोषण होत नाही. आपल्या केंद्रात एक पांढरी मांजरी आहे. एका सज्जन, धर्मनिष्ठ घरात ती चार वर्षे निव्वळ दूधभातावर प्रेमाने वाढली. ती भिंतींना धडकू लागली तेव्हा त्यांनी तिला आपल्याकडे आणले. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्याच राहतात. त्या घराची करुणा खरी होती, यात मला यत्किंचितही संशय नाही. तथापि ती मांजरी आंधळी आहे, हेही तितकेच खरे आहे.

एका बाबतीत मात्र आपली घरे मांजरांना सुरक्षित आहेत, हे जाता जाता सांगतो. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजवलेला, मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. ज्या घरात कंदमूळ वर्ज्य आहे तेथील मांजराला ती भीती नाही. असा योगायोग सर्वत्र घडता तर आजचे भाषण लागलेच नसते.

निरोगी मांजराची गोष्ट एवढी अवघड आहे, तर आजारी मांजराची अधिकच. आपल्याकडे येणारी बहुतेक मांजरे आजारीच असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत आहार हेच मुख्य औषध असते. उतारवयात मांजराची मूत्रपिंडे निकामी होत जाण्याचा विकार अतिशय सामान्य आहे. मांजर फार पाणी पिते, फार लघवी करते, खंगत जाते. अशा रुग्णासाठी फॉस्फरस कमी, प्रथिने बेताची पण उत्तम दर्जाची, असा खास पथ्याहार तयार मिळतो. तो घेणारी मांजरे अधिक काळ आणि अधिक बरी जगतात, हे चांगल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. 'प्रथिने बेताची' हे शब्द ऐकून मागील सभेत एका ज्येष्ठांनी विचारले होते, मग दूधभात काय वाईट? दुधात फॉस्फरस भरपूर असतो आणि भातात मांजराला हवे ते प्रथिन नसते. म्हणजे जे टाळायचे ते मिळते आणि जे द्यायचे ते राहून जाते.

दुसरा विकार बोक्यांचा. त्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. लघवीत बारीक खडे, रेव झाली की तो तुंबतो. बोका वारंवार बसतो, कण्हतो, एक थेंब येत नाही. ताबडतोब नळी घालून मोकळे केले नाही तर दोन-तीन दिवसांत प्राण जातो. स्ट्रुव्हाइट जातीचे खडे असतील तर लघवी आम्लधर्मी ठेवणाऱ्या पथ्याहाराने काही आठवड्यांत विरघळू शकतात. ऑक्झलेटचे खडे अन्नाने विरघळत नाहीत. वनस्पतिजन्य अन्नाने मांजराची लघवी आम्लधर्मी न राहता अल्कधर्मी होण्याकडे झुकते आणि स्ट्रुव्हाइटला तेच अनुकूल असते. एकदा तुंबलेल्या बोक्याला पोळी-दूध घालणे म्हणजे तो पुन्हा तुंबण्याची तयारी करणे होय.

तिसरा मधुमेह. लठ्ठ, घरबशा मांजरांत तो आढळतो. भात, पोळी, बिस्किटे हे पिष्टमय पदार्थ त्याला घातक. वेळेवर इन्सुलिन आणि पिष्ट कमी असलेला आहार मिळाला, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही करता येते.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजात आवर्जून सांगावीशी वाटते. पर्युषणात आपण उपवास करतो, अठ्ठाया होतात. 'मांजर दोन दिवस जेवत नाही, पोटाला विश्रांती मिळेल' असे त्याच भावनेने कोणी म्हणते. उपवास ही समजून-उमजून स्वीकारलेली तपश्चर्या आहे. मांजराचा उपवास हे आजाराचे लक्षण असते. विशेषतः लठ्ठ मांजर काही दिवस जेवले नाही तर शरीरातील चरबी यकृतात साठते, कावीळ होते आणि ते दगावते. दोन दिवस अन्नाला तोंड न लावणारे मांजर ताबडतोब दवाखान्यात आणावे.

इथपर्यंत वैद्यकाची बाजू झाली. आता ज्या शंका सभेत निघाल्या आणि ज्या माझ्याही मनात आहेत, त्यांच्याकडे वळतो. मी शास्त्राचा पंडित नाही. जे वाचले, ज्येष्ठांकडून ऐकले, तेवढेच नम्रपणे मांडतो.

पहिली शंका अशी की, मांजर पाळणेच शास्त्राने निषिद्ध मानले आहे. हे खरे आहे. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' येते, आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्याचे स्पष्टीकरण करताना पोपट, मैना यांच्याबरोबर मांजर आणि कुत्रा यांचा उल्लेख आहे. कार्तिकेयानुप्रेक्षेतही अनर्थदंडाच्या प्रकारांत मांजरासारखे प्राणी बाळगणे सांगितले आहे. परंतु योगशास्त्रात ते पोषण द्रव्याच्या हेतूने केलेले, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि अनर्थदंड म्हणजे निष्प्रयोजन केलेले पाप. मोडक्या पायाचे, तुंबलेल्या मूत्राशयाचे मांजर दारात आले असता त्याला आत घेणे हे धनासाठीही नाही आणि निष्प्रयोजनही नाही. हा निषेध शौकासाठी मांजर पाळणाऱ्यास लागू आहे, असे मला वाटते. आपल्या समाजातील तरुण घरांत हल्ली विकत घेतलेली विदेशी मांजरे दिसतात. त्यांनी मात्र हे वचन जरूर वाचावे.

दुसरी शंका एका भगिनींनी काढली होती, आणि ती फार सुंदर होती. भगवान महावीरांच्या पूर्वभवातील सिंहाला चारणऋद्धिधारी मुनींचा उपदेश मिळाला आणि त्याने मांसाचा त्याग केला. सिंह सोडू शकतो, तर मांजर का नाही? उत्तरपुराणातील ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु कथेचा पुढील भाग लक्षात घ्यावा. त्या सिंहाला जातिस्मरण झाले होते, त्याने स्वतः व्रत घेतले, आणि मांस सोडल्यावर तो दूधभात खाऊन राहिला नाही. तो निराहार राहिला व समाधिभावाने त्याने देह ठेवला. पुराणकारांनाही सिंहाचा दुसरा आहार माहीत नव्हता. त्या सिंहाचा त्याग त्याचा होता. आपल्या पिंजऱ्यातील मांजरावर आपण तो लादला तर व्रत आपले आणि आंधळेपण त्याचे, अशी विभागणी होते.

तिसरी शंका सर्वांत कठीण आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. हिंसा स्वतः करणे, करविणे आणि तिला अनुमोदन देणे, या तिन्हींचा दोष आपण मानतो. मांजराचा पथ्याहार कोंबडी, मासळी यांपासून बनतो. तो विकत घेणारा करविण्याच्या दोषातून सुटतो, असे मी म्हणणार नाही. एका पंचेंद्रिय जीवाच्या रक्षणासाठी दुसऱ्या पंचेंद्रिय जीवांचा घात, हे गणित कोणत्याही बाजूने मांडले तरी शून्य येत नाही.

मग वनस्पतिजन्य खाद्याचा मार्ग आहे का? प्रश्न रास्त आहे. बाजारातील टॉरिन बहुतांशी कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते. त्यात प्राण्याचा अंश नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नाही. त्याच्या आणि इतर घटकांच्या जोरावर परदेशात पूर्ण शाकाहारी मांजरखाद्ये निघाली आहेत. २०२३ साली १३६९ मांजरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे खाद्य खाणाऱ्या मांजरांचे आरोग्य इतरांपेक्षा वाईट आढळले नाही. परंतु ती माहिती मालकांनी स्वतः सांगितलेली होती, डॉक्टरांनी तपासून लिहिलेली नव्हती, आणि शाकाहारी मांजरांचा वाटा त्यात दहांत एकाहूनही कमी होता. पूर्वी अशा काही खाद्यांच्या तपासणीत आवश्यक घटक कमी भरल्याचेही आढळले आहे. निरोगी मांजरासाठी, नियमित रक्त व लघवी तपासून, या मार्गाचा विचार पुढेमागे करता येईल, आणि तो यशस्वी झाला तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. मूत्रपिंडाच्या किंवा खड्यांच्या रुग्णावर मात्र हा प्रयोग करण्यास मी तयार नाही. घरच्या घरी डाळ-भातात टॉरिनची पूड मिसळणे तर कोणीही करू नये.

दिल्लीला लाल किल्ल्यासमोर दिगंबर लाल मंदिराच्या आवारात जे पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे, त्याने यातून एक वाट काढली आहे. १९२९ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयात शाकाहारी पक्षी दाखल करून घेतात. घार, ससाणा यांसारख्या शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना शाकाहारी पक्ष्यांबरोबर ठेवून घेत नाहीत. उपचार नाकारायचा नाही आणि मांसही घालायचे नाही, असा तो मध्यममार्ग आहे. मला त्या मार्गाविषयी आदर आहे. मोडलेला पंख बांधून पक्षी परत देता येतो, तेथे तो चालतो. ज्या मांजराचे औषधच अन्न आहे त्याला बाहेरच्या बाहेर उपचार देऊन भागत नाही, एवढीच आपली अडचण.

म्हणून विश्वस्तांसमोर मी माझे मत स्पष्ट ठेवतो. निरोगी मांजरे केंद्रात कायमची ठेवू नयेत. त्यांची शस्त्रक्रिया करून, लस देऊन त्यांना मूळ जागी किंवा घेणाऱ्या घरी पोचवावे. शस्त्रक्रियेविषयीही काहींचा आक्षेप आहे, याची मला जाणीव आहे. पण न जन्मलेल्या पिलाला मांस लागत नाही, याचाही विचार व्हावा. आजारी मांजर घ्यावे, आणि घेतले तर त्याला पशुवैद्यकाने लिहून दिलेला पथ्याहार औषध म्हणून द्यावा. त्याची जागा देरासर व भोजनशाळेपासून दूर, भांडी वेगळी. त्याचा खर्च चारा-दाण्यासाठी आलेल्या जीवदया खात्यातून एक पैसाही करू नये. ज्या दात्याने कबुतरांच्या ज्वारीसाठी दिले, त्याच्या दानाचा असा उपयोग करण्याचा आपल्याला अधिकार नाही. जे दाते सर्व समजून, लेखी संमती देऊन या कामासाठी देतील, त्यांचेच वेगळे खाते असावे. यानेही ट्रस्ट पूर्णपणे निर्दोष ठरतो, असा माझा दावा नाही. छप्पर आपलेच आहे.

आणि ट्रस्टने विचारपूर्वक ठरविले की हे आपल्याला करता येणार नाही, तर त्या निर्णयाचाही मी मान राखीन. मात्र मग मांजर आल्या दिवशीच त्याला योग्य अन्न देऊ शकणाऱ्या संस्थेकडे किंवा व्यक्तीकडे सोपवावे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही मालकाने प्राण्याला पुरेसे अन्न न देणे हा गुन्हा आहे. जीव ठेवून घ्यायचा आणि त्याला जे जगवीत नाही ते घालायचे, हा तिसरा मार्ग सध्या आपण चालवीत आहोत, आणि तो कोणी ठरवून घेतलेला नाही. ठराव पुढे ढकलला की हाच मार्ग आपोआप चालू राहतो. यंदा चातुर्मासासाठी विराजमान होणाऱ्या साधुभगवंतांपुढे हा विषय सर्व बाजूंनी, काहीही न लपविता मांडावा, अशी माझी विनंती आहे.

सेवेकरी बंधू-भगिनी समोर बसले आहेत, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून आटोपते घेतो. पथ्याहार ज्याचा त्यालाच मिळाला पाहिजे. सर्व मांजरांपुढे एकच परात ठेवली की मूत्रपिंडाच्या मांजराचे अन्न तरणा बोका खातो आणि बोक्याचे मांजरी. जेवणाच्या वेळी पिंजरे वेगळे करावेत, अर्ध्या तासाने उरलेले उचलावे आणि किती उरले ते वहीत लिहावे. अन्न बदलायचे ते एकदम बदलू नये. सात ते दहा दिवसांत जुन्यात नवे थोडे थोडे वाढवीत न्यावे. नाक चोंदलेले मांजर वास येत नाही म्हणून खात नाही, त्याचे अन्न कोमट करून द्यावे. मांजर स्वभावतः कमी पाणी पिते. पसरट भांड्यांत, अन्नापासून दूर, दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे आणि ते आपण गाळून पितो तसेच स्वच्छ असावे. प्रत्येक मांजराचे वजन आठवड्यातून एकदा करावे. चार किलोच्या मांजराचे अर्धा किलो उतरले तर डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. आणि घरातली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला कदापि देऊ नये; एका गोळीने ते मरते.

वजनकाटा आपल्याकडे नाही. तो या महिन्यात घ्यावा, असे खजिनदारांना मी कालच सांगितले आहे, आणि त्यांनी होकार दिला आहे. त्याला तरी ठरावाची गरज पडू नये.

 प्रश्न असतील ते आता विचारावेत. जय जिनेंद्र.